कच्च्या दोऱ्याचं पक्कं काम

हातांची शाळा



मागच्या वेळी आपण पतंगाची कन्नी बांधायला शिकलो. त्यानंतर बरीच पत्रं आली. त्यातलं एक पत्र चिंचवडच्या, सहावीत शिकणाऱ्या एका मित्राचं आहे. तो लिहितो, "बाई, सुट्टीत मी मावळात मामाकडे जातो. मामा मला गळ टाकायला नेतो. पण आमचा गळ तळाशी दगडांत अडकतो आणि दोरा तुटतो. एका दिवसात पाच गळ गेले! आता मी जाड आणि पक्का दोरा आणणार आहे. किती जाड आणू?"

मित्रा, माझं उत्तर ऐकून तुला हसू येईल. जाड दोरा आणूच नकोस. उलट तुझ्या गळात एक दोरा मुद्दाम कच्चा लाव!

हे कसं, ते आज आपण करून पाहू या. पाण्याशिवाय, माशाशिवाय आणि सुरुवातीला गळाशिवायसुद्धा. म्हणजे ज्यांच्या घरी मासे धरत नाहीत किंवा खात नाहीत, त्यांनीही पान उलटायची गरज नाही. गाठी सगळ्यांच्याच कामाच्या असतात.

आधी माशाचं तोंड पाहा

मासा पाण्यात कुठे जेवतो, हे त्याचं तोंडच सांगतं. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं, कारण तो वरच्या थरात चरतो. रोहू मधल्या थरात चरतो. मृगळाचं तोंड खाली वळलेलं, तो तळाशी चरतो. म्हणून तर शेततळ्यात हे तिन्ही मासे एकत्र सोडतात. एकाच तळ्यात तिघांची तीन ताटं! शिंगटीला मिशा असतात. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग कमी, म्हणून ती मिशांनी चाचपडत तळाशी अन्न शोधते. मळ्या नावाचा छोटा मासा तर तोंडाखालच्या चकतीने खडकाला चिकटून बसतो. पाण्याला कितीही ओढ असो, तो हलत नाही.

मृगळ, शिंगटी यांच्यासाठी आमिष तळापर्यंत पोचलं पाहिजे. त्यासाठी दोऱ्याला वजन बांधावं लागतं. वजन तळाला टेकतं आणि खरी गंमत तिथेच सुरू होते. कारण तळ आपल्याला दिसत नाही. तिथे वाळू आहे, गाळ आहे की खडकाची कपार, काय ठाऊक?

साहित्य

तंगूस (म्हणजे नायलॉनचा गुळगुळीत दोरा) दोन प्रकारचा, एक थोडा जाड आणि एक त्याहून बारीक. शिवणाचा सुती दोरा. सुपारीएवढे ते लिंबाएवढे चार-पाच दगड. किल्लीच्या दोन कड्या. बुटाची एक नाडी. कात्री, बादली आणि लिटरचं माप.

खरा गळ आज आणायचा नाही. त्याच्या जागी किल्लीची कडी वापरू. गाठ बसली की मग मोठ्या माणसाबरोबर गळ.

गाठ पहिली : पाच वेढ्यांची

ही गाठ गळाच्या किंवा कडीच्या डोळ्यात बांधायची असते. आधी बुटाच्या नाडीवर सराव करा. नाडी जाड असते, त्यामुळे काय चुकतंय ते लगेच दिसतं.

१. दोऱ्याचं टोक कडीतून ओवा आणि वीतभर बाहेर काढा.
२. ते टोक मूळ दोऱ्याभोवती पाच वेळा गुंडाळा.
३. कडीला अगदी लागून एक छोटं भोक दिसेल. टोक त्यातून घाला.
४. आता एक मोठा फासा तयार झाला. टोक त्या फाशातूनही काढा.
५. गाठ पाण्याने ओली करा आणि मूळ दोरा सावकाश ओढा. वेढे एकाशेजारी एक, स्प्रिंगसारखे बसले पाहिजेत.
६. तांदळाच्या दाण्याएवढं टोक ठेवून बाकीचं कापा.

ओली का करायची? कोरडे तळहात जोरात चोळून पाहा. गरम झाले ना? कोरडी गाठ ओढतानाही तंगूस तंगुसावर असाच घासतो, तापतो आणि नेमका गाठीपाशी अधू होतो. पाणी लावलं की वेढे सहज सरकतात.

गाठ दुसरी : आठाची

दोऱ्यावर मध्येच एखादा पक्का फासा हवा असेल तर ही गाठ. दोरा दुमडून दुपदरी करा. आता दुमडलेल्या टोकाने आपल्याच पदरांभोवती एक पूर्ण फेरा मारा आणि ते टोक समोरच्या मोकळ्या घरातून बाहेर काढा. ओढण्याआधी पाहिलंत तर इंग्रजी आठाचा आकडा दिसेल. ओली करा, ओढा. झाला फासा!

एका फाशात दुसरा फासा अडकवणं तर तुम्हाला येतंच. रबरात रबर अडकवून उड्यांसाठी लांब माळ करता ना? अगदी तसंच.

आता जोडणी

जाड तंगुसाचा हातभर तुकडा घ्या. त्याच्या वरच्या टोकाला आठाचा फासा बांधा. तो काठीच्या मुख्य दोऱ्याला अडकवायचा. खालच्या टोकालाही एक छोटा फासा. खालच्या टोकापासून वीतभर वर, मध्येच आणखी एक फासा.

बारीक तंगुसाचा वीतभर तुकडा घ्या. त्याच्या एका टोकाला कडी (म्हणजे आपला खोटा गळ) पाच वेढ्यांच्या गाठीने बांधा आणि दुसऱ्या टोकाला फासा करा. ही झाली फांदी. ती मधल्या फाशात अडकवा.

आता दगड. वाणी पुडी बांधतो तसा दगड सुती दोऱ्याने उभा-आडवा बांधा. मध्ये थोडी कंबर असलेला, खडबडीत दगड मिळाला तर उत्तम, दोरा घसरत नाही. आता त्या दोऱ्याचा एकच पदर वीतभर मोकळा ठेवून खालच्या फाशाला बांधा.

हा सुती पदर म्हणजेच आपला कच्चा दोरा!

नीट पाहा. तिथे तीन पायऱ्या आहेत. मुख्य दोरा सगळ्यांत बळकट, गळाची फांदी त्याहून थोडी कमी आणि दगडाचा दोरा सगळ्यांत कच्चा. दगड कपारीत अडकला आणि तुम्ही ओढलं, तर काय तुटेल? फक्त दगडाचा दोरा. गळ, तंगूस आणि असलाच तर मासा, सगळं तुमच्याकडे परत. गळ स्वतःच अडकला, तर फक्त फांदी जाईल. मुख्य दोरा नदीत कधीच राहणार नाही.

आपल्या पिंपरी-चिंचवडच्या मुलांना ही युक्ती परकी नाही. तुमच्यापैकी कुणाचे बाबा, काका कारखान्यात असतील तर त्यांना 'शिअर पिन' म्हणजे काय ते विचारा. मोठ्या यंत्रात एक लहानशी पिन मुद्दाम कमजोर ठेवलेली असते. यंत्र कुठे अडकलं, फार ताण आला, की ती पिन तुटते आणि महागडे दातेरी चाक वाचते. घरातल्या जुन्या फ्यूजची तार तेच काम करायची. तार वितळायची, घर वाचायचं. शहाणा कारागीर सगळंच पक्कं करत नाही. तुटायची वेळ आली तर कुठे तुटायचं, हे तो आधी ठरवून ठेवतो.

करून पाहा : बादलीचा तराजू

कच्चा म्हणजे किती कच्चा? अंदाज नको, मोजू या. दोन खुर्च्यांवर एक भक्कम काठी आडवी ठेवा. काठीला दोरा बांधून त्याला रिकामी बादली टांगा. बादली जमिनीपासून फक्त दोन बोटं वर असू द्या आणि पाय लांब ठेवा. आता एकेक लिटर पाणी ओता. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. दोरा कितव्या लिटरला तुटला ते वहीत लिहा. त्यात रिकाम्या बादलीचं वजन मिळवायला विसरू नका.

तीन वेळा करा आणि सरासरी काढा. दोरा आधी भिजवून घ्या, कारण पाण्यात सगळी गणितं बदलतात. सुती दोरा भिजला की थोडा अधिक बळकट होतो, तर नायलॉन भिजलं की त्याची ताकद थोडी कमी होते. मग तंगुसाची पाळी. कोरडी आवळलेली गाठ आणि ओली आवळलेली गाठ, दोन्ही टांगून पाहा. दोरा मध्येच तुटतो की गाठीपाशी, तेही पाहा.

दगडाचा दोरा मुख्य दोऱ्याच्या साधारण निम्म्या ताकदीचा असला की काम भागतं. फारच कच्चा असेल तर फेकतानाच दगड निसटेल. मग दोरा दुहेरी घ्या.

तळ तशी जोडणी

एकच जोडणी सगळीकडे चालत नाही. चप्पल पाऊस पाहून बदलतो, तशी जोडणी तळ पाहून बदलायची.

खडकाळ तळ : सह्याद्रीतून निघालेल्या आपल्या नद्या काळ्या पाषाणावरून वाहतात. तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीने खडकात खोल कुंडं कोरली आहेत. अशा तळाला लांबट, गुळगुळीत दगड आणि अगदी कच्चा दोरा. ज्या कपारीत दगड अडकतो, त्याच कपारीत माणसाचा पायही अडकतो, हे ध्यानात ठेवा. अशा ठिकाणी पाण्यात उतरायचं नाही.

गाळाचा तळ : दगड गाळात रुततो आणि आमिषही त्याच्याबरोबर बुडतं. मग मासा ते शोधणार कसा? इथे दगडाचा दोरा लांब, हातभर करा आणि दगड हलका, चपटा घ्या. दगड खाली रुतला तरी गळ वरच राहतो.

वाळूचा किंवा बारीक खडीचा तळ : इथे सरकतं वजन चांगलं. दगडाचा दोरा एका छोट्या कडीला बांधा आणि ती कडी मुख्य दोऱ्यात ओवा. कडी गळापर्यंत घसरू नये म्हणून गळापासून वीतभर वर एक मणी बांधून टाका. मासा आमिष ओढतो तेव्हा दोरा कडीतून सुळकन सरकतो. त्याला दगडाचं ओझं जाणवतच नाही, म्हणून तो बिचकत नाही.

शेवाळाचा तळ : गळाच्या फांदीवर बुचाचा लहानसा तुकडा ओवा. दगड खाली, पण आमिष शेवाळाच्या वर तरंगतं.

वाहतं पाणी : गोल दगड गडगडत जातो. चपटा दगड बसून राहतो.

आणि दिसत नसलेला तळ ओळखायचा कसा? आधी नुसता दगड टाका आणि हळूहळू ओढा. बोटाला दोरा लावून ठेवा. वाळूवर तो सरसर येतो. खडीवर टकटक जाणवते. गाळात आधी जड वाटतो आणि मग सुटतो. खडकात थांबतो, निसटतो, पुन्हा थांबतो. पूर्वी जहाजावरचे खलाशी पाण्याची खोली मोजायला दोरीला शिशाचा मोठा तुकडा बांधून सोडत. त्या तुकड्याच्या बुडाला खळगा असे आणि त्यात चरबी भरलेली असे. तळाची वाळू, शिंपले, चिखल चरबीला चिकटून वर येई. त्यावरून आपण कुठे आहोत हे त्यांना कळे! तुम्ही दगडाच्या बुडाला मऊ मेण लावून बादलीतल्या वाळूवर हा प्रयोग करा.

शिसं का नको?

दुकानात गळासाठी शिशाची वजनं मिळतात. शिसं पाण्याच्या ११ पटींहून अधिक जड. आपला काळा दगड जेमतेम तिप्पट. शिवाय प्रत्येक वस्तू पाण्यात हलकी होते. ५० ग्रॅम शिसं पाण्यात सुमारे ४५ ग्रॅमचं काम करतं. तेवढंच काम करायला दगड सुमारे ७० ग्रॅमचा घ्यावा लागतो. म्हणजे दगड थोडा मोठा घ्यायचा, इतकंच!

पण शिसं विषारी आहे. काही जण शिशाची गोळी दातांनी दाबून दोऱ्यावर बसवतात. तसं कधीही करू नका. इंग्लंडमधल्या नद्यांत राजहंस मरू लागले, तेव्हा कारण सापडलं ते हेच. राजहंस अन्न दळण्यासाठी बारीक खडे गिळतात. त्यांनी खडे समजून गळाच्या शिशाच्या गोळ्या गिळल्या होत्या. १९८७ पासून तिथे गळाला शिशाच्या लहान वजनांवर बंदी आली. आपल्याकडची हळदी-कुंकू बदकंही उथळ पाण्यात, शेपटी वर करून तळ चाळतात. ती काय गिळतील, याचा विचार आपणच करायला हवा. आणि तुटून राहिलेला तंगूस कुजत नाही. संक्रांतीनंतर झाडावर लटकलेल्या नायलॉन मांजात पक्षी अडकतात, तसेच ते यातही अडकतात.

आता कच्च्या दोऱ्याचा खरा फायदा लक्षात आला? गळ वाचतो, ते तर आहेच. पण आपली चूक झाली, काही अडकलं, तुटलं, तरी नदीत मागे काय राहतं? एक दगड आणि वीतभर सूत. दगड नदीचाच होता. सूत कुजून जातं.

चाकणजवळचा एक मासा

कर्नल साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या दख्खनच्या नद्यांतले मासे गोळा करून त्यांची वर्णनं लिहिली. १८३९ साली ती प्रसिद्ध झाली. गंमत म्हणजे शास्त्रीय नावं देताना त्याने कितीतरी ठिकाणी इथल्या लोकांच्या तोंडचेच शब्द घेतले. शिंगटी, मळ्या, खुदरी ही नावं आज जगभरातल्या पुस्तकांत आहेत. त्यातलंच एक नाव 'नुक्ता'. नाकाडावर शिंगासारखं टेंगूळ असलेला हा मासा साईक्सने नोंदवला तो चाकणजवळच्या इंद्रायणीतून! त्याचं तोंड खालच्या बाजूला. तो तळाचा मासा आहे.

आज नुक्ता जगाच्या संकटग्रस्त माशांच्या यादीत आहे. तळाच्या माशाचं दुखणं असं की, नदीत जे जे टाकलं जातं ते शेवटी त्याच्या ताटात पडतं. सांडपाणी कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. गाळ खडकांवर बसला की त्यावरचं शेवाळ मरतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ सालच्या यादीत पवना, इंद्रायणी आणि मुळा या तिन्ही नद्यांचे पट्टे प्रदूषित म्हणून नोंदलेले आहेत. पाण्याच्या वर फेस आला की आपल्याला दिसतो आणि आपण हळहळतो. तळाचं आपल्याला दिसत नाही. गळाला मासा न लागता पिशवी लागते, तेव्हा कळतं.

तशी पिशवी लागली, तर ती परत पाण्यात टाकू नका. कचऱ्याच्या डब्यात टाका.

काठावरचे नियम

एकट्याने जायचं नाही. पोहता येणारं मोठं माणूस बरोबर हवंच.
पावसाळ्यात नाही. पाणी चढतं, आणि चढणीचे मासे अंडी घालायला निघालेले असतात.
टाकण्यापूर्वी मागे माणूस आणि वर विजेची तार नाही ना, ते पाहा. दगड खालून, हलकेच टाका.
दोरा अडकला तर हाताला गुंडाळून ओढू नका, तंगूस हात कापतो. काठीला गुंडाळा आणि मागे चाला.
गळाचा उलटा काटा मोठ्या माणसाकडून पकडीने दाबून घ्या. मग तो माशाच्या तोंडातून आणि तुमच्या बोटातूनही सहज निघतो.
शिंगटीच्या पाठीवर आणि कल्ल्यांच्या मागे टोकदार काटे असतात. तिला हाताने धरू नका.
सोडायचा मासा ओल्या हातांनी धरा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचं रक्षण करतो.
देहू-आळंदीला घाटाजवळचे मासे धरायचे नाहीत, ही जुनी रीत आहे. ती पाळा.

आई-बाबांसाठी

घरातले प्रयोग मुलांना मोकळेपणी करू द्या. नदीवर मात्र आपणच बरोबर जा. धरणं आणि मोठ्या तलावांत मासे धरण्याचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. आधी विचारून परवानगी घ्या. त्यातून नदीकाठच्या एखाद्या भोईदादांशी ओळख झाली, तर मुलांना तळाबद्दल जे कळेल ते या पानावर मावणार नाही. शहरातून वाहणाऱ्या पात्रातले मासे खायला मात्र आणू नका.

डोकं चालवा

मुख्य दोरा ६ किलोला तुटतो, फांदी ४ किलोला आणि दगडाचा दोरा ३ किलोला. एक मासा गळाला लागला आणि त्याच वेळी दगड कपारीत अडकला. तुम्ही हळूहळू जोर वाढवत ओढता आहात. मासा खालच्या बाजूला १ किलोचा जोर लावतो आहे. काय तुटेल? आणि त्या क्षणी तुमच्या हाताला किती जोर लागत असेल? चित्र काढून उत्तर पाठवा. बादलीच्या प्रयोगाचे आकडेही पाठवा, पण मनाचे नकोत, मोजलेले हवेत.

पुढच्या वेळी सुतळीची झोळी विणू. तोवर दगड गोळा करा, नाडीवर गाठी मारा आणि वर्गात बाई शिकवत असताना बाकाखाली मारू नका!

तुमच्या,
बाई